केसभर कड

सकाळी सहा ते सात स्केटिंगच्या रिंकवरचा बर्फ ज्येष्ठांचा असे. ज्येष्ठ म्हणजे पंचेचाळीसच्या पुढचे. "वय पंचेचाळीसच्या पुढं, गुडघे सत्तरीच्या पुढं," असं डॉक्टरीण म्हणायची. ती भूल देणारी डॉक्टर. औषधवालीची शाळेपासूनची मैत्रीण आणि एके काळची कट्टर प्रतिस्पर्धी.

औषधवाली सत्तेचाळीस वर्षांची होती. चोविसाव्या वर्षी तिनं स्केटिंग सोडलं, औषधांचं दुकान टाकलं आणि वीस वर्षं ती बर्फाकडे फिरकली नाही. तीन वर्षांपूर्वी सहज म्हणून परत बूट चढवले, आणि यंदा डॉक्टरिणीपाठोपाठ चक्क ज्येष्ठांच्या स्पर्धेला नाव दिलं. नाव दिलं त्याच महिन्यात बाबा गेले.

बाबांनी चाळीस वर्षं याच रिंकच्या जिन्याखालच्या खोलीत स्केटच्या पात्यांना धार लावली होती. लेकीच्या सगळ्या उड्यांत त्यांना लुत्झ आवडायची. तिच्या दोन मिनिटांच्या कार्यक्रमात लुत्झ एकदाच होती, आणि त्या एकदासाठीच आता ती स्पर्धेत उतरणार होती. बाकीच्या उड्या गेल्या खड्ड्यात.

आणि नेमकी लुत्झच बिघडली. पात्याला दोन कडा असतात, एक आतली, एक बाहेरची. लुत्झसाठी डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर मागं मागं सरकत यायचं, उजव्या पायाचं टोक बर्फात रोवायचं आणि उडायचं. ऐन वेळी डावा पाय आतल्या कडेवर कलंडला, तर ती लुत्झ राहत नाही. तिची फ्लिप, म्हणजे आतल्या कडेवरची दुसरीच उडी होते, आणि पंच गुण कापतात. गेले दोन महिने तिचा पाय दर वेळी कलंडत होता. स्पर्धेला नऊ दिवस उरले होते.

"खांदा आधी उघडताय तुम्ही," कोच म्हणाले. कोच एकोणतीस वर्षांचे होते, तरी ती त्यांना सर म्हणायची. त्यांनी मोबाइलवर तिची उडी सावकाश चालवून दाखवली. "हे बघा. इथं. खांदा फिरला की पाय त्याच्यामागून जाणारच."

"खांद्याचं काही नाही हो," डॉक्टरीण बाकावरूनच म्हणाली. "ही फार लांबून येते. अर्धं मैदान मागं मागं सरकत येईपर्यंत पायाचा धीर सुटतो. आखूड वळण घे, बये, आणि उड."

"आखूड वळणानं उंची जाते."

"उंची? सर, या वयात बर्फ सुटला तरी खूप झालं."

वाद रोज असाच रंगायचा. ती दोघांचंही ऐकायची, दोन्ही करून बघायची, आणि पाय कलंडायचा तो कलंडायचाच. गंमत म्हणजे जन्मभर घसरत आलेली फ्लिप आता नीट व्हायला लागली होती.

त्या दिवशी ती धार लावायला जिन्याखाली गेली. तिथं आता जो धारवाला बसायचा, तो बाबांच्या हाताखाली शिकून तयार झालेला, तिच्याच वयाचा. तिनं सहज आपलं रडगाणं सांगितलं. त्यानं डावा बूट उलटा धरून पात्यावरून अंगठा फिरवला.

"ताई, एक सांगू? रागावू नका."

"सांगा की."

"मास्तर गेल्यावर हे पातं पहिल्यांदा माझ्या हातात आलं, तेव्हा सरळ नव्हतं. बाहेरची कड उंच होती. केसभरच. मला वाटलं, शेवटी हात थरथरायचा त्यांचा, त्यातून झालं असणार. मी गुपचूप सरळ केलं. मास्तरांची चूक मी कुठं सांगत फिरू?"

"बाबांच्या हातून चहा सांडायचा, दादा. धार कधी सांडली नाही."

"तेच तर."

"आणि उजवं पातं?"

"उजवं तंतोतंत होतं." हे बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. थरथरणारा हात काही एकच पातं निवडून बिघडवत नाही.

"बाहेरची कड उंच असली तर काय होतं?"

"पाय बाहेरच्या कडेवर टिकतो. आतल्या कडेवर मात्र सटकतो." त्यानं बूट खाली ठेवला. "घरी जुन्या जोड्या असतील तर आणता का?"

जुन्या जोड्या आईच्या माळ्यावर होत्या, उशांच्या अभ्र्यांत बांधलेल्या. ती स्टुलावर चढली. आईनं खालून स्टूल धरलं, म्हणजे स्टुलावर हात ठेवला.

"आई, बाबा माझ्या डाव्या पात्याला..."

"बाहेरून उंच ठेवायचे, ते? हो."

"तुला ठाऊक होतं?"

"तू शाळेत गेलीस की आम्ही दुसरं काय बोलणार? तुझ्याबद्दलच."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा घोटा आत पडतो. पहिलं पाऊल टाकलंस तेव्हापासून. ते म्हणायचे, सांगितलं तर पोर पायाकडे बघत उडेल. खोटं का आहे? तुला एक खोट दाखवली की तू तिथंच डोळे लावून बसतेस."

ती अभ्रा मांडीवर घेऊन स्टुलावरच बसली. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण आला तो राग. "म्हणजे ती उडी माझी नव्हतीच."

"मग कुणाची? त्यांची?" आईला हसू आलं. "चाळीस वर्षांत बर्फावर एक पाऊल नाही ठेवलं त्यांनी. घसरायची भीती वाटायची. मला एकदा म्हणाले, मी तिकडे उभा राहिलो तर लोक म्हणतील, हाच का तिचा बाप."

दुसऱ्या दिवशी तिनं तीन जोड्या जिन्याखाली नेल्या. धारवाल्यानं त्या वयाप्रमाणे ओळीनं लावल्या. डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर एक सपाट पोलादी पट्टी काटकोनात आडवी धरायची आणि आतल्या कडेपाशी किती फट राहते ते दिव्यासमोर बघायचं, अशी त्याची रीत होती. बाबांकडून घेतलेली. दहाव्या वर्षीच्या बुटावर पट्टीखालून नख जात होतं. सोळाव्या वर्षीच्या बुटावर जेमतेम कागद गेला. चोविसाव्या वर्षीच्या जोडीवर कागद अडला, पण उजेडाची जाड रेघ दिसली.

"आणि आत्ताची?"

"मी सरळ करण्याआधी याच्या निम्मी असेल रेघ. नसेलही."

 धारेच्या चाकाची मोटर बंद होती, तरी तो सवयीनं त्यावरून फडकं फिरवत राहिला.

"कमी करत आणलं त्यांनी," ती शेवटी म्हणाली. "मला कळू न देता."

"मी एकदम सगळंच काढून टाकलं, ताई. माझं चुकलं. होतं तसं करून देऊ का परत?"

तिनं आत्ताचा डावा बूट हातात घेतला. होतं तसं केलं तर लुत्झ होणार, याची तिला खात्री होती. सरळ ठेवलं तर उरलेल्या आठ दिवसांत पाय शिकणार नव्हता. पण बाबांनी तरी होतं तसंच ठेवलं असतं का?

"तेवढं नको," ती म्हणाली. "त्यांनी यंदा ठेवलं असतं तेवढं करा."

"ते मला कसं कळणार?"

"मला तरी कुठं कळतंय? थोडं करा, मी उडून बघते."

त्यानं पात्याला चाकावर एक हात दिला. ती बर्फावर गेली, पाय कलंडला, ती परत आली. दुसरा हात. पाय क्षणभर थांबला आणि मग कलंडला. धारवाला तिसऱ्यासाठी बूट मागायला लागला, तेव्हा तिनं तो दिला नाही. पाय थांबला तो क्षण तिला ओळखीचा वाटला होता. उरलेलं तिनं स्वतः करायचं ठरवलं. आठ दिवस ती रोज सहाला आली. डॉक्टरीण म्हणाली, "वेडी आहेस," आणि रोज तिच्याबरोबर आली.

स्पर्धेच्या दिवशी ती कोपऱ्यातून लांब वळण घेऊन मागं मागं सरकत आली, कोचना आवडायचं तसं. घोटा आत पडू बघत होता. तिनं त्याला पडू दिलं नाही. टोक रोवलं आणि उडाली. उतरताना तोल गेला, एक हात बर्फावर टेकला, आणि ती पुढं निघाली.

सात जणींत ती पाचवी आली. हात टेकल्याचे गुण गेले होते. कडेबद्दल पंचांनी काहीही लिहिलं नव्हतं.

"शेवटपर्यंत बाहेर आहे कड," कोच मोबाइल डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "खांदा मात्र अजून..."

"खांदा तसाच राहू दे हो तिचा," चौथी आलेली डॉक्टरीण म्हणाली आणि तिनं मैत्रिणीच्या पाठीवर एक थाप घातली.

औषधवालीनं आईला फोन लावला.

"पडलीस?"

"नाही. हात टेकला."

"आणि पाय?"

"टिकला."

 फोनमधून आईनं नाक ओढल्याचा आवाज आला. "पुढच्या वर्षी त्या धारवाल्याला सांग, अजून थोडं कमी कर म्हणावं," ती म्हणाली. "आणि आता बूट काढ आधी. पाय गारठले असतील."