नवरी छे ने?

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रमिलाबाईंच्या घरचा फोन वाजला. बोलणं मिनिटभरात संपलं. फोन शेजारच्या जागृतीसाठी होता. तिला कोणी बोलावलं नाही.

जून १९९६. गुजरातेतल्या पांडेसऱ्यात, त्या गल्लीत फोन तो एकच, म्हणून नोकरीच्या अर्जावर जागृतीने तोच नंबर दिला होता. कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कापडाच्या रंगछटा जुळवून पाहणारी प्रयोगशाळा होती. तिथे एक जागा होती आणि मुलाखत दोघी मैत्रिणींनी दिली होती: जागृती आणि गौरी. दोघी रसायनशास्त्राच्या बी.एस्सी., तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या. जागृतीचे वडील पोपटराव बावीस वर्षं दुसऱ्या एका मिलच्या रंगखात्यात होते. त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, "रविवारी अकराला भुसावळचे पाहुणे येतील. तोवर नोकरी लागली, तर वर्षभर लग्नाचं नाव काढणार नाही. नाही लागली, तर मी होकार देणार." पोपटराव बोललेलं फिरवत नसत.

दुपारी चारला गौरी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"एका शब्दाने सांगायचं तरी होतंस, जागू."

"काय सांगायचं होतं?"

"नाटक पुरे. साडेअकराला मिलमधून फोन आला मला. तुझी निवड झाली होती. तुझ्याकडून कळवलं म्हणे, 'नवरी नथी'. म्हणून जागा मला. सोमवारी नऊला हजर व्हायचंय."

"आणि तू हो म्हणालीस?"

"तू नाही म्हटलंस म्हणून! मला वाटलं, बाबांपुढे मान तुकवलीस."

"मी सकाळपासून या दारातून हलले नाहीये, गौरी. मला फोन आलाच नाही."

शेजारच्या ओट्यावर मेथी निवडणाऱ्या प्रमिलाबाईंचे हात थांबले.

"आला होता वं एक," त्या म्हणाल्या. "तो मेला मलाच विचारतो, जागृती नवरी छे ने? म्हटलं, परक्या बाप्याला काय करायचंय? अजून बघणं नाही झालं अन् गावभर बोभाटा! सांगितलं, ना, नवरी नथी, पाछो फोन करू नको. अन् आपटला."

कोणी हसलं नाही. प्रमिलाबाईंना धुळ्याहून येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. गुजरातीत नवरी म्हणजे मोकळी, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सोमवारपासून यायला जागृती मोकळी आहे ना, एवढंच फोन करणाऱ्या मिलच्या कारकुनाला विचारायचं होतं.

साडेचारला गौरीने त्यांच्याच फोनवरून मिलला फोन लावला. कारकुनाने ऐकून घेतलं. पत्र गौरीच्या नावाने टाइप झालं होतं. बदल फक्त साहेब करू शकत होते आणि साहेब घरी गेले होते. घरी फोन नव्हता. सोमवारी बघू, तो म्हणाला.

"सोमवारी मी खरंच नवरी असेन," जागृती म्हणाली. "मराठीतली."

"मी उद्या साहेबांच्या घरी जाते. कडोदऱ्यातच राहतात. जागा सोडते म्हणून लिहून देते."

"तुझ्या वडिलांची नांदेडला बदली झालीय. नोकरी असली तरच तुला इथे राहू देणार आहेत ना?"

गौरीने वाकून चपलेचा पट्टा सारखा केला. जागृतीने ते पाहिलं.

"जाते म्हटलं ना," गौरी म्हणाली आणि घरी जायला रिक्षा शोधायला निघाली.

संध्याकाळी पोपटरावांनी सगळं ऐकून घेतलं. प्रमिलाबाईंनी दोनदा चूक कबूल केली.

"माझ्या पोरीला साहेबाने घेतलं, हे मला साहेबाच्या तोंडून कळू दे," ते म्हणाले. "पत्र नको, फोन चालेल. पण अकराच्या आत." रात्री जागृतीने ते गौरीला फोनवर सांगितलं; साहेबांना जवळच्या बूथवर नेऊन फोन करायला लावते, असं गौरी म्हणाली.

रविवारी साडेनऊला जागृतीने गौरीच्या घरी फोन केला. गौरी आठलाच बाहेर पडली होती. कुठे, ते तिच्या आईला माहीत नव्हतं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना पाहुण्यांची रिक्षा गल्लीत शिरली. पोपटराव पुढे झाले. जागृती प्रमिलाबाईंच्या घरात, इस्त्रीच्या साडीत, फोनशेजारच्या स्टुलावर बसली होती. आज फोन दुसऱ्या कोणी उचलायचा नाही, असं ठरलं होतं.

तोवर फोन वाजला नव्हता.