एकोणीस नंबरची वीट

मुलांनो, जरा डोळे मिटा. अशी कल्पना करा की तुमच्या घरात नळ नाही. शेजारच्या घरातही नाही. चोवीस खोल्यांच्या तुमच्या चाळीला मिळून एकच नळ आहे, खाली चौकात, आणि त्याला पाणी येतं सकाळी सहा ते आठ. सहाच्या ठोक्याला सगळेच धावले तर काय होईल? म्हणून चाळीने एक रीत पाडली आहे. माणसांच्या ऐवजी भांडी रांगेत उभी राहतात. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, प्रत्येक खोलीने आपलं एक भांडं नळापासून ओळीने लावून ठेवायचं. कुणाचा तांब्याचा हंडा, कुणाची कळशी, कुणाचा रॉकेलचा रिकामा डबा. सकाळी त्याच क्रमाने ज्याचा त्याचा नंबर येतो, आणि नंबर आला की लागेल तेवढं पाणी भरता येतं. ज्यांच्याकडे रात्रभर बाहेर ठेवण्याइतकं जास्तीचं भांडं नाही, ते वीट ठेवतात आणि तिच्यावर खडूने आपल्या खोलीचा आकडा लिहितात. राखण कुणी करत नाही. लागतच नाही. कारण नियम एकच आहे आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: लावलेलं भांडं कुणी हलवायचं नाही. त्या रांगेत हंड्याचा मान आणि विटेचा मान अगदी सारखा.

दिसली का रांग? आता त्या रांगेशी उभी असलेली दहा वर्षांची मुलगी बघा. तिचं नाव चंपा. साल एकोणीसशे छप्पन, महिना मे, जागा परळचा भोईवाडा. अजून नीट उजाडलेलं नाही. चौकात चंपाशिवाय कुणी नाही.

तिच्या आईचा हंडा रांगेत नववा होता. आठवी होती वीट, तिच्यावर आकडा एकोणीस. म्हणजे रखमाची.

गेले तीन आठवडे नळाचं काहीतरी बिनसलं होतं. साडेसहा वाजले की धार बारीक व्हायची, सुतासारखी, आणि मग तुटायची. आधी पाणी पंधराव्या भांड्यापर्यंत पोचायचं, मग बाराव्या. काल आठव्यालाच संपलं होतं. चाळीतली माणसं एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघायला लागली होती. कोण जास्त भरतंय, कोण दोनदा भरतंय, कुणाच्या मोरीतून पाण्याचा आवाज आला, याच्यावर सगळ्यांचे कान.

आणि सगळ्यात जास्त पाणी लागायचं चंपाच्या घरी. तिची आई सुंदराबाई खानावळ चालवायची. गिरणीत काम करणारे, गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले बारा जण तिच्याकडे दोन वेळ जेवायचे. चंपाचे वडील भिवा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले गेले होते आणि ठाण्याच्या तुरुंगात होते. तेव्हा घर चालायचं ते त्या बारा ताटांवर. काल रात्रीच्या जेवणाला पाणी पुरलं नाही, भांडी राखेने नुसती पुसून ठेवावी लागली. जेवणाऱ्यांतले सगळ्यात वडील शामराव हात धुवायला उठले आणि तांब्या रिकामा बघून परत बसले.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण पोरं कुरकुर करतायत. उद्यापण असंच झालं तर ती लालबागला दुसरी खानावळ बघणार. मी किती दिवस थोपवू?"

"एवढा एक दिवस थांबा, भावोजी," सुंदराबाई म्हणाली. चंपाने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं होतं, पण तिने सगळं ऐकलं होतं.

म्हणून ती आता चौकात होती. तिने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा वर गॅलरीकडे. मग वाकून वीट उचलली. हंडा पुढे सरकवला. वीट त्याच्या मागे ठेवली. एवढंच. पाच मोजायच्या आत झालं. पण जिना चढताना तिला आपले पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते.

त्या दिवशीही आठव्या भांड्यापर्यंतच पाणी आलं.

सुंदराबाईने सहा हंडे भरले. सहावा भरला आणि धार तुटली. मागे रखमा बादली घेऊन उभी होती. ती कालपासून झोपली नव्हती, कारण तिच्या वर्षाच्या बाळाला जुलाब लागले होते. तिने नळाकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या आपल्या विटेकडे पाहिलं.

"माझी वीट आठवी होती," ती म्हणाली. "काल मी स्वतः मोजून लावली. ही नववी कशी झाली?"

ती सुंदराबाईकडे वळली.

"सुंदराबाई, तुला विचारते मी. हंड्याला पाय फुटले काय?"

"तोंड सांभाळून बोल गो रखमा! मी कशाला तुझी वीट हलवू?"

"बारा दादले जेवतात ना तुझ्याकडे! त्यांच्या ताटांसाठी माझं पोर कोरडं पडू दे!"

सुंदराबाईचा चेहरा लालबुंद झाला. तिने शेजारी उभ्या असलेल्या चंपाला मनगटाला धरून ओढलं आणि तिच्या डोक्यावर आपला ओला हात ठेवला. "ही माझी एकुलती एक. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, मी वीट हलवली असेल तर..."

"नको! पुढचं नको बोलू!" रखमाच ओरडली. रागातसुद्धा तिला ते ऐकवेना.

आईचा तळवा चंपाच्या डोक्यावर तसाच होता. त्यातून पाण्याचा एक ओघळ तिच्या कपाळावर उतरला. बोलावं, आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. पण ती नुसती विटेवरच्या आकड्याकडे बघत राहिली.

शेवटी पहिल्या मजल्यावरचे अप्पा खाली आले. चाळीतली भांडणं तेच मिटवायचे. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि निवाडा दिला. "उद्यापासून खोलीला दोनच हंडे. मग खानावळ असो नाहीतर लग्नघर."

"अप्पा, दोन हंड्यांत बारा माणसं कशी जेवतील?"

"ते मला कळत नाही काय, सुंदराबाई? पण मी पाणी कुठून आणू? आजचं तू भरलंस. त्यातलं एक बादलीभर हिला दे आणि गप घरी जा."

सुंदराबाईने दोन बादल्या दिल्या. रखमाने त्या घेतल्या, पण तिच्याकडे बघितलं नाही. कालपर्यंत या दोघी एका पाट्यावर मसाला वाटायच्या.

चौक रिकामा झाला. चंपा नळाशीच बसून राहिली. वर घरात जायची तिला भीती वाटत होती. आई काही विचारेल याची नाही, आई विचारणारच नाही याची. तिने गुडघ्यांत मान घातली, तेव्हा तिचा कान नळाच्या लोखंडी पाइपला टेकला. आत आवाज येत होता. घर्रर्र... घर्रर्र... जमिनीखालून कुणीतरी घोरत असल्यासारखा. ती किती वेळ तशी बसली कोण जाणे. अचानक आवाज थांबला.

तिने मान वर केली. चाळीच्या उघड्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, प्रभा-सदन ही चार मजल्यांची इमारत होती. तिच्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी भरून वाहत होतं. पिवळ्या भिंतीवरून खाली येऊन ते गटाराला लागलं होतं. तिथे चिमण्या आंघोळ करत होत्या. घरघर थांबली तसा भिंतीवरचा तो ओघळही बारीक होत होत थांबला. हे पाणी ती रोज बघत होती, आणि तरी तिने ते कधी बघितलं नव्हतं.

प्रभा-सदनात तिच्या वर्गातली मृणालिनी राहायची. सुट्टीत वाचायला तिने चंपाला गोष्टींचं पुस्तक दिलं होतं. दुपारी ते परत द्यायच्या निमित्ताने चंपा रस्ता ओलांडून गेली. नाक्यावर सत्याग्रहामुळे नेहमीसारखी पोलिसांची गाडी उभी होती. तिच्याकडे न बघता ती चालली.

मृणालिनी न्हाणीघरात बाहुलीचे कपडे धूत होती. नळ सोडलेला होता आणि ती चंपाशी गप्पा मारत होती. पाणी नुसतं वाहत होतं. चंपाला दुसरं काही सुचेना. तिने पुढे होऊन नळ बंद केला.

"अगं, असू दे की!"

"तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

"येतं म्हणजे?" मृणालिनीला प्रश्नच समजला नाही. "ते असतंच."

मृणालिनीचे वडील गंगाधरपंत गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. इमारत त्यांच्याच मालकीची होती. गॅलरीच्या कठड्याला त्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीचा झेंडा बांधला होता. सभा असली की वाडीवाडीतून माणसं जमवणाऱ्यांत ते पुढे असत. माणूस मनाने वाईट नव्हता, हे लक्षात ठेवा.

"भिवाची मुलगी ना तू?" त्यांनी चष्मा काढला. "मोठं काम केलंय तुझ्या बाबांनी. अभिमान वाटतो आम्हांला. काही लागलं तर सांगत जा हं."

चंपा एक पाऊल पुढे झाली. "काका, तुमच्याकडे घर्रर्र वाजतं ते काय आहे?"

"ते होय! पंप आहे तो. गुढीपाडव्याला बसवला. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, भाडेकरू रोज तक्रारी करायचे. आता निवांत झालं."

गुढीपाडवा. तीन आठवडे. चंपाने मनातल्या मनात बोटं मोजली.

"तो पंप चालू झाला की आमचा नळ जातो," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिलाच धडकी भरली.

गंगाधरपंत वर्तमानपत्राची घडी घालू लागले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "असं म्हणतेस? नाही बाळ, तसं नसेल. उन्हाळ्यात सगळीकडेच पाणी कमी होतं. आपलं राज्य एकदा होऊ दे, मग हे सगळे प्रश्न सुटतील बघ." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "आईची खानावळ आहे ना? अडचण होत असेल. असं कर, रोज सकाळी मागच्या जिन्याने ये आणि हवे तेवढे हंडे भरून ने. चार ने, सहा ने. फक्त चाळीत बोलू नकोस. नाहीतर सगळी चाळ माझ्या दारात उभी राहील, काय?"

ते हसले. चंपाने मान डोलावली.

खाली उतरताना ती जवळजवळ पळत होती. सुटलो आपण! शामराव कुठे जाणार नाहीत, बाराच्या बारा ताटं मांडली जातील, बाबा सुटून येईपर्यंत आईला कुणापुढे तोंड वेंगाडायला नको. सहा हंडे! हे सगळं तिला इतकं सोपं वाटलं की रस्ता ओलांडून चाळीच्या दारात येईपर्यंत तिला दुसरं काही सुचलंच नाही.

मग वरून रखमाच्या बाळाचं रडणं ऐकू आलं. आज ते रडणं बारीक झालं होतं. साडेसहानंतरच्या नळासारखं.

आपण मागच्या जिन्याने सहा हंडे आणणार, आणि चाळीत खोलीला दोन. तेही पाणी आलं तर. रखमा विचारणार, हे कुठून आलं? मग आई काय सांगेल? पुन्हा आपल्या डोक्यावर हात ठेवेल?

चंपाच्या टाळूवर तो ओला तळवा परत जड झाला.

संध्याकाळ होत आली. बायका भांडी लावायला खाली उतरू लागल्या. रोज या वेळी हसणं-खिदळणं चालायचं. आज प्रत्येक बाई आपलं भांडं ठेवून त्याच्यावर पाळत ठेवत उभी होती. अप्पा म्हणाले की आजपासून राखणीला दोघं जण बसवावे लागतील. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सुंदराबाई हंडा घेऊन आली आणि सगळ्यांपासून लांब उभी राहिली. रखमाने आपली वीट आणली. खडू पुसट झाला होता, म्हणून तिने एकोणीसचा आकडा पुन्हा ठळक गिरवला.

"आई," चंपा म्हणाली.

"काय गो?"

"वीट मी हलवली होती."

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सुंदराबाईच्या हातातला हंडा नळाच्या कठड्याला आपटून ठण्ण वाजला. रखमाने तोंड उघडलं. मारायला येते की काय असं चंपाला वाटलं, आणि मार खायची तिची तयारीही होती. पण कुणी काही करायच्या आत चंपा वाकली. रखमाच्या पायाशी असलेली वीट तिने दोन्ही हातांनी उचलली आणि छातीशी धरली.

"अगं, परत? कुठे चाललीस ती घेऊन?" रखमा ओरडली.

चंपा दाराबाहेर पडली. नाक्यावरच्या गाडीतून एका शिपायाने मान वर काढली. पण तिचे पाय थांबले नाहीत. तिने रस्ता ओलांडला. मागच्या जिन्याकडे ती गेलीच नाही. प्रभा-सदनाच्या पुढच्या दाराला संगमरवरी पायऱ्या होत्या, दुपारीच पुसलेल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर, दाराला अगदी लागून, तिने ती वीट ठेवली. आकडा दाराकडे केला, आतून उघडणाऱ्याला वाचता यावा म्हणून.

पहिला नंबर रखमाचा.

मग ती तशीच धावत परत आली, थिजून उभ्या असलेल्या आईच्या हातातून तिने तांब्याचा हंडा काढून घेतला, आणि तो विटेच्या मागे, दुसऱ्या पायरीवर नेऊन लावला.