दिवाणीणबाईंचं दुहेरी घड्याळ

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या शालिग्राम महाजनांचं कापडाचं दुकान चांगलं चालायचं, पण त्यांचा जीव होता घड्याळांत. तीही साधीसुधी नव्हेत. एकाच वेळी दोन-दोन मुलखांची वेळ दाखवणारी, जुनी, उंची मनगटी घड्याळं. एकाच्या तबकडीभोवती लंडन, कैरो, कलकत्ता अशी नावं कोरलेली, तर दुसऱ्याला तासाचा एक जादा काटा. स्वतः शालिग्राम मुंबईपलीकडे कधी गेले नव्हते. "कैरोत आत्ता ऊन असेल," असं ते रात्री जेवता जेवता सांगत आणि त्यांची बायको विमल म्हणे, "असू द्या. तुमची भाकर गार होतेय."

संस्थानं विलीन होऊ लागली तशा राजेरजवाड्यांच्या, सरदार-दिवाणांच्या घरच्या वस्तू बाजारात आल्या. इंदूरच्या एका व्यापाऱ्यानं कळवलं, की माळव्यातल्या एका लहान संस्थानाच्या दिवाणांचं घड्याळ विकायला निघालंय. सोन्याची एकच डबी, आत दोन तबकड्या, दोन्हींना वेगळी चावी. शालिग्राम लगेच निघाले.

दिवाण वारले होते. त्यांच्या पत्नी कुसुमबाई सरकारी बंगला रिकामा करत होत्या. त्यांनी घड्याळ आणून समोर ठेवलं. शालिग्रामांनी ते हातात घेतलं खरं, पण काटे पुसट दिसू लागले. गाडीतच अंगात कसर होती, आता हुडहुडी भरली. ते उठायला गेले आणि तिथंच कोसळले. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, हलवू नका.

कुसुमबाईंनी सामानाची बांधाबांध थांबवली. अनोळखी माणसासाठी बैठकीत खाट टाकली, बुऱ्हाणपूरला तार केली. विमल धावतपळत पोचली तेव्हा त्या शालिग्रामांच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवत होत्या.

"रडू नका," त्या विमलला म्हणाल्या. "आधी हातपाय धुवा, चहा घ्या. मग इथं बसा, म्हणजे मी पेज टाकते."

ताप उतरेपर्यंत त्यांनी दोघांना हलू दिलं नाही. बंगला सोडायची मुदत त्यांनी कलेक्टरांना भेटून वाढवून घेतली.

पडल्या पडल्या शालिग्रामांना फडताळावरचं घड्याळ दिसायचं. कुसुमबाई रोज सकाळी त्याच्या दोन्ही चाव्या फिरवत. एका तबकडीवर इथली वेळ, दुसरीवर लंडनची. त्यांचा मुलगा वसंत तिथं डॉक्टरकी शिकत होता.

"उठला असेल आता," दुपारी वाढताना त्या दुसऱ्या तबकडीकडे बघून म्हणत. एकदा म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढं सारतात. मग मीही सारते."

निघायच्या दिवशी त्यांनी घड्याळ रेशमी रुमालात गुंडाळून आणलं. "शालिग्रामभाऊ, ज्यासाठी आलात ते राहिलंच की."

शालिग्रामांनी ते मनगटावर बांधलं. हात इतका वाळला होता, की घड्याळ कोपराकडे घसरलं.

"बाई, हे मला बसत नाही. पडेल कुठं."

"पट्टा आवळता येतो."

"येतो. पण नको. बिलकुल नको. तुमच्याजवळच राहू द्या."

शालिग्रामांनी ते उतरवून परत दिलं. कुसुमबाई घड्याळ मुठीत घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "विकायला काढलं होतं, पण रोज वाटायचं, गिऱ्हाईक न आलं तर बरं."

परतताना गाडीत विमलनं नवऱ्याला चिडवलं, "एवढ्या दूर आलात आणि हात हलवत चाललात."

"हात हलतोय ना विमल," शालिग्राम खिडकीबाहेर बघत म्हणाले. "खूप झालं."

त्यानंतर दरवर्षी महाजनांकडून जवळच्या शाहपूरच्या केळ्यांची करंडी कुसुमबाईंकडे जाऊ लागली. एका हिवाळ्यात त्यांचं पत्र आलं. वसंत बोटीनं मुंबईला उतरतोय, मी आणायला चालले आहे, परतताना बुऱ्हाणपूरला उतरू.

महाजन नवराबायको स्टेशनवर हजर होते. वसंतानं फलाटावरच वाकून नमस्कार केला.

"काका, आई पत्रातून तुमचा ताप रोजच्या रोज कळवायची. आमचे प्रोफेसरसुद्धा विचारायचे, तुझा इंडियातला पेशंट कसा आहे? माझे पहिले पेशंट तुम्हीच."

घरी पानं मांडल्यावर कुसुमबाईंनी पिशवीतून घड्याळ काढलं. दोन्ही तबकड्यांवर एकच वेळ होती.

"वसंता आता खंडव्याच्या दवाखान्यात लागतोय. मला एक वेळ पुरे. हे तुम्ही घ्या. विकत नाही, देतेय."

शालिग्रामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्यांनी घड्याळ कपाळाला लावलं.

"बाई, चार दिवस राहा," विमल म्हणाली. "आम्ही तेव्हा महिनाभर राहिलो होतो."

"राहते," कुसुमबाई म्हणाल्या. "पण स्वयंपाकात मला हात लावू द्यायचा."

"ते उद्यापासून," असं म्हणून शालिग्रामांनी मावा-जिलेबीचं भांडं स्वतः उचललं आणि सगळ्यांना वाढायला सुरुवात केली. दुकान त्या दिवशी उघडलंच नाही.