आहेराच्या साड्यांत मी एकटीच फाटकी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. वजनाने भारी आणि तोंडाने त्याहून भारी. माझा जन्म अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत झाला. केशरबाईंनी घरातल्या बायकांची विटलेली लुगडी थरावर थर टाकून मला शिवले. चाळीस वर्षे मी सगळ्यांना ऊब दिली. मग घरात मऊ ब्लँकेट आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी उंदरांची बाळंतपणे केली.

यंदा केशरबाईंच्या नातीने, चित्रकला शिकलेल्या मोनालीने, मनावर घेतले. घरातल्या बायकांच्या साड्यांची एक खोली करायची. भिंती साड्यांच्या, छतही साड्यांचे. आत शिरणाऱ्याला या बायकांच्या कुशीत शिरल्यासारखे वाटले पाहिजे. जुन्या जालन्यातला एक हॉलही तिने ठरवला. प्रत्येकीने आपली एक साडी द्यावी, असा निरोप नात्यात घरोघरी गेला.

साड्या आल्या. एकूण एक कोऱ्या, आहेरात आलेल्या! चारचौघांत फाटके कोण देणार? त्यातली एक तर मोनालीच्या आईनेच बेबीनंदाकाकूंना नेसवली होती. ती घडीही न मोडता परत आली. हा थाट धुळीने मळू नये म्हणून वरून मला गुंडाळले. मी ऑटोतून जालन्याला निघाले, तीही हमाल म्हणून.

खोली उभी राहिली आणि मोनालीला रडूच कोसळले. उद्या उद्घाटन, आणि आत आमच्या घरची एकही बाई नव्हती. नुसते कापडाचे दुकान! शेजारच्या व्यापाऱ्याने डोकावून विचारलेही, "ती जांभळी केवढ्याला?"

डोळे पुसायला तिने हाताशी आले ते कापड ओढले. ती मीच होते. तिने माझे तुकडे नीट पाहिले, मला झटकले आणि थेट छताला टांगले, टोक जमिनीला टेकेल असे.

सकाळी केशरबाई आल्या आणि कडाडल्या, "मोने, माझं फाटकं लुगडं साऱ्या जालन्याला दावून राह्यली व्हय? काढ आधी!"

"तूच काढ आजी, आत ये."

केशरबाई तावातावाने आत शिरल्या. वर हात घातला आणि थांबल्या. "हे हिरवं माह्या सासूचं. गिरजाबाई नाव व्हतं तिचं. कापूस येचायला हेच नेसायची."

मोनालीने हे नाव कधी ऐकलेच नव्हते. सगळे या पणजीला लेकाच्या नावाने 'भिवाची माय' म्हणत. केशरबाई एकेक तुकडा ओळखत खाली बसल्या, मग माझे टोक अंगावर ओढून आडव्या झाल्या आणि चक्क घोरू लागल्या. पाहुणे पाय न वाजवता आत येत होते. घोरणेही कलेतच आहे असे समजून एका गुरुजींनी ते वहीत टिपून घेतले. मला मात्र माझी जुनी नोकरी परत मिळाली, म्हणून फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी साऱ्या बायका पिशव्या घेऊन हजर. आत आपापली जुनेरे, उसवलेली, हळदीच्या डागांची. "मंग हेच लाव," बेबीनंदाकाकू म्हणाल्या. आहेराच्या साड्या मात्र सगळ्यांनी आठवणीने परत नेल्या, कारण लग्नसराई तोंडावर होती.

मित्रांनो, घरातले जुनेर भांड्यांच्या बदल्यात बोहारणीला देण्याआधी ते कुणी नेसले होते, तिचे नाव विचारून घ्या. आणि मला अधूनमधून ऊन दाखवत जा. गिरजाबाई आता माझ्यातच तेवढ्या उरल्या आहेत.