पुसलेल्या भिंतीचा फोटो

मी एक फोटो बोलतोय. नवसाचा फोटो. हसू नका, मुलं नवसाची असतात, तसा मीही नवसानं झालेला आहे.

दमयंतीबाईंनी कर्णपुऱ्याच्या देवीला नवस बोलला होता. "आई, यांना त्या कारखान्याचं काम मिळू दे. नवरात्रात रोज तुझ्या दारी अनवाणी येईन आणि शेवटच्या दिवशी तुझी ओटी भरीन." त्यांचे यजमान सदाशिवराव यांचा गुलमंडीत फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर घर. त्या वर्षांत औरंगाबादेत चिकलठाण्याकडं एकामागून एक कारखाने उभे राहत होते. तिथं नोकरीला लागणारे लोक ओळखपत्रासाठी फोटो काढून घ्यायचे, त्यावर दुकान कसंबसं चालायचं. अशात एका कारखान्यानं नव्या वर्षाचं कॅलेंडर काढायचं ठरवलं. दर महिन्याला शहरातल्या एकेका जुन्या वास्तूचा फोटो. हे काम सदाशिवरावांना मिळावं, म्हणून तो नवस.

देवी पावली. काम मिळालं, आणि त्या कामातला पहिला फोटो म्हणजे मी.

मी शहराच्या एका दरवाजाचा फोटो आहे. कोणत्या दरवाजाचा, ते विचारू नका. आपल्या गावाला दरवाजे पुष्कळ आहेत, आणि मला माझ्या दरवाजाचं नाव घ्यायची लाज वाटते. का वाटते, तेच सांगतो.

डार्करूमच्या लाल उजेडात, औषधाच्या ट्रेमध्ये मी हळूहळू उमटलो. आधी कमान दिसली, मग तिच्यावरचं गवत, मग खालून जाणारा टांगा. आणि मग उजव्या हाताच्या काळ्या दगडी भिंतीवर पांढरी, टपोरी अक्षरं उमटली. 'नामांतर झालेच पाहिजे.' चुन्यानं लिहिलेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून तेव्हा मोर्चे निघत होते, आणि नको म्हणून दंगे होत होते. खेड्यांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायच्या. अशी वाक्यं गावात बऱ्याच भिंतींवर होती, पण इतकं देखणं अक्षर कुठंच नव्हतं. सदाशिवरावांनी मला चिमट्यानं वर उचललं आणि स्वतःशीच म्हणाले, "काय लिहिलंय लेकानं!"

कारखान्याच्या साहेबांनी मला पाहिलं नि मान डोलावली. "फोटो झकास आहे, सदाशिवराव. फक्त ती भिंत साफ करून द्या. कॅलेंडर लोक देवाशेजारी टांगतात."

फोटोवरचे डाग काढायचं काम त्या घरात दमयंतीबाईंचं. स्थळ म्हणून पाठवायच्या मुलींच्या फोटोतले देवीचे वण त्या बारीक ब्रशनं असे भरून काढायच्या, की सासरच्यांना लग्नानंतरच कळायचं. ब्रशचं टोक ओठात धरून निमुळतं करायची त्यांना सवय होती; पण उपासाच्या दिवशी त्या ब्रश तोंडाला लावत नसत. मला समोर घेतलं त्या दिवशी संकष्टी होती. म्हणून त्या मनगटावर टोक फिरवत होत्या आणि अथर्वशीर्ष पुटपुटत होत्या.

एक अक्षर गेलं. दुसरं गेलं. पाण्यात कालवलेला राखाडी रंग, त्यावर दगडांच्या सांध्यांच्या रेघा. मला काही ओरडता येत नव्हतं. वाक्याच्या शेवटाकडं चुना फार दाट बसला होता, पाण्याचा रंग तिथं पुरेना. तेव्हा त्यांनी चित्रकलेची काळी शाई घेतली. नवस फेडायला जाताना त्याच भिंतीजवळून त्या अनवाणी गेल्या होत्या, अक्षरं त्यांनी वाचलीही होती. पण त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हो. लेकराचं तोंड पुसावं, तशी त्यांनी ती भिंत पुसली. काम संपल्यावर मला उजेडाकडं धरून विचारलं, "दिसतंय का काही?"

"शोधून सापडणार नाही," सदाशिवराव म्हणाले.

माझ्यावरून कॅलेंडर छापलं गेलं. ते घराघरांत लागलं. दुकान सावरलं. मला काच आणि फ्रेम मिळाली, आणि पुढं रंगीत फोटोंच्या नव्या दुकानांपुढं स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी वरच्या बैठकीच्या खोलीत आलो.

तिथं माझं फार कौतुक व्हायचं. माणसांची एक गंमत आहे. जुना फोटो दिसला की ती लगेच उसासा टाकतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "किती स्वच्छ होतं नाही आपलं गाव तेव्हा! भिंतीवर एक रेघोटी नाही." दमयंतीबाई पाणी आणायला आत जायच्या. मला मात्र आत जाता येत नव्हतं. मी आपला भिंतीवर टांगलेला, खोटं तोंड घेऊन.

बाहेर खरी भिंतही राहिली नाही. एकदा तिच्यावर चुना फिरवला गेला, आणि कारखान्यांकडं ट्रक वाढले तेव्हा रस्ता रुंद करताना ती पाडलीच. कमान तेवढी उरली. त्यामुळं माझी किंमत वाढली. शहरातल्या जुन्या वास्तूंच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात मी पहिल्या रांगेत लागणार होतो. खाली सदाशिवरावांचं नाव. म्हाताऱ्याला किती आनंद झाला म्हणून सांगू! रोज काच पुसायचे.

आणि मग ती संक्रांत आली. त्याच दिवशी रेडिओवर बातमी आली, विद्यापीठाला नाव दिलं. दुरून फटाके ऐकू येत होते. गावात काय होईल सांगता येत नव्हतं, म्हणून हळदीकुंकवाच्या बायका येईनात. दमयंतीबाई काळी चंद्रकळा नेसून, वाणाची सुगडं मांडून नुसत्याच बसल्या होत्या. जिना वाजला तशा त्या करंडा घेऊन उठल्या.

दारात एक बाई उभी होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. दमयंतीबाईंचा हात करंड्याशी थांबला.

"कुंकवाला नाय आले, बाई. घाबरू नका," ती म्हणाली. "मी चंपाबाई, पडेगावची. फोटूवाले हितंच राहत्यात ना? फोटू बघाया आले."

"कुठला फोटो?"

"कॅलेंडरात व्हता त्यो. दरवाजाचा." बोलता बोलता तिला मी दिसलो. ती सरळ माझ्यापुढं आली आणि काचेवर बोट ठेवलं. बरोब्बर तिथंच. "हितं. हितं आमच्या ह्यांचं अक्षर व्हतं."

सदाशिवराव आतून आले. चंपाबाई मागं न बघता बोलत राहिली.

"आमचे हे पाट्या रंगवायचे. कडुबा पेंटर म्हणलं की छावणीत कुणीबी सांगायचं. ही भितबी त्यांनीच लिवली. पहाटं गेलो व्हतो, बादली म्या धरली. तेच मला म्हणले, 'चंपे, टिंब तू दे.' मला लिवता येत नाय, बाई, पर त्यातलं एक टिंब माझ्या हातचं व्हतं. मग ह्यांना कारखान्यात पाट्यांचं काम मिळालं, तिथंच ते कॅलेंडर दिलं. बघते तर काय, दरवाजा हाय आन् भित कोरी! मी लई शिव्या घातल्या. हे मात्र हसले."

"हसले?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"व्हय. कॅलेंडर डोळ्याजवळ धरलं न् म्हणले, 'पुसणाराचा हात लई चांगला हाय गं. दगडाला दगड कसा जोडलाय बघ. असा माणूस जोडीला मिळाला तर मी अख्खं गाव रंगवीन.'"

दमयंतीबाई खाली बसल्या. मला वाटलं, चंपाबाईनं शिवी दिली असती तर त्यांना इतकी लागली नसती.

"आता कुठं असतात ते?" सदाशिवरावांनी विचारलं.

"टाकीवर कारखान्याचं नाव लिवताना पडले. लई वरसं झाली." ती सहज म्हणाली, खूपदा सांगून झालेलं सांगावं तसं. "त्यांच्या पाट्या होत्या, त्या बी काढल्या, आता समद्या लाईटीच्या आल्या. फोटू कधी काढला नाय. म्हणायचे, 'माझं तोंड काय बघायचं, अक्षर बघा.' आज लोक नाचायलेत, नाव झालं म्हणून. म्या म्हणलं, आपण एकदा अक्षर बघावं. तुमच्याकडं पुसायच्या आधीचा फोटू असंल ना, दादा?"

सदाशिवरावांनी खाली बघितलं. "निगेटिव्ह पावसात भिजल्या. टाकून द्याव्या लागल्या."

"म्हंजी नाय."

"नाही."

ते खोटं नव्हतं. पण अक्षरं गेली नव्हती. ती माझ्यावरच होती, रंगाच्या खाली. हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं आणि मला. दमयंतीबाईंनी चंपाबाईच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला आणि निघाली. ती जिन्यावर गेली आणि माझ्या मनात आलं, आता तरी कुणी बोला. मला तोंड नाही.

"चंपाबाई, थांबा," दमयंतीबाई म्हणाल्या.

"अगं, काय करतेस?" सदाशिवराव दबक्या आवाजात म्हणाले. "पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाला जायचाय तो. डाग पडलेला फोटो कोण लावील? आणि लोक काय म्हणतील, मी खोटे फोटो करत होतो? जन्मात एवढा एकच फोटो लोकांनी नावाजला माझा."

"कॅमेरा तुमचा होता," त्या म्हणाल्या. "हात माझा होता. तो हात चांगला होता म्हणून माणूस सांगून गेलाय. अहो, मी कुठल्या तोंडानं देवीपुढं उभी राहू?"

त्यांनी मला भिंतीवरून काढलं. फ्रेमचे खिळे उलथन्यानं वाकवले. वातींसाठी पिंजून ठेवलेला कापूस घेतला, तांब्यातल्या पाण्यात भिजवला, पिळला. तोवर चंपाबाई परत वर आली होती. तिच्यादेखत त्यांनी माझ्या भिंतीवरून कापूस फिरवला.

इतक्या वर्षांनी मला पाण्याचा गारवा लागला. कापूस राखाडी झाला. मग 'ना' दिसला. मग 'मां', आणि त्याच्यावर ते टिंब. जरा मोठं, जरा बाजूला गेलेलं.

"ह्ये बघा! ह्ये माझं!" चंपाबाई ओरडली. मग हसली, आणि मग पदर तोंडाला लावला.

'तर' निघाला. 'झा' अर्धा निघाला. पुढं कापूस कितीही फिरवला तरी काळंच राहिलं.

"पुढचं का येईना?"

"पुढं मी शाई लावली होती," दमयंतीबाई म्हणाल्या. "ती पाण्यानं निघत नाही." "ही भिंत मीच पुसली, चंपाबाई. माझ्याच हातानं."

चंपाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्या हातांकडं. बांगड्या, ओला कापूस, बोटांना लागलेला रंग. "तुमी?" ती म्हणाली. "ह्यांना वाटलं व्हतं, कुणी बाप्या असंल."

बाहेर फटाके वाजत होते. मग दमयंतीबाईंनी काय करावं ते न सुचून सुगडातले हरभरे, बोरं, उसाचे करवे सुपात घातले, मला वर ठेवलं आणि सूप पुढं केलं. विधवेला वाण देत नाहीत, हे त्या विसरल्या होत्या की त्यांना विसरायचं होतं, देवीला ठाऊक. "हे माझं वाण समजा," त्या म्हणाल्या.

चंपाबाईनं सुपातून मला एकट्याला उचललं.

"वाण कशाचं, बाई? आमचंच हाय ते."

"खरंय," दमयंतीबाई म्हणाल्या आणि सूप खाली ठेवलं.

ती जिना उतरू लागली तेव्हा सदाशिवराव रिकामी फ्रेम आणि काच घेऊन मागून आले. "ही न्या, बाई. नुसता ठेवलात तर धूळ खाईल." तिनं फ्रेम नि काच घेतली. आभार मानले नाहीत. ते बरोबरच झालं.

प्रदर्शनात माझ्या जागी काय लागलं, मला माहीत नाही. मी पडेगावला चंपाबाईच्या पत्र्याच्या घरात आहे. आता पिवळा पडलोय. अर्ध्या भिंतीवर कडुबाचं अक्षर आहे, अर्धीवर काळा फराटा. येणारे लोक विचारतात, "ह्यो डाग कसला?" चंपाबाई सांगते, "तिथंबी अक्षर हाय. निघायचंय अजून." दर संक्रांतीला गुलमंडीहून एक म्हातारी रिक्षानं येते. दोघी माझ्याखाली बसून चहा पितात. फार बोलत नाहीत. एकदा दमयंतीबाईंनी चष्मा पुसून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "शाई उतरवणारं एखादं औषध निघालं असेल का हो आता?" चंपाबाई म्हणाली, "निघंल की. घाई काय हाय?" तेवढ्यावर मी दिवस काढतोय.

पण माझी लाज गेलेली नाही. त्या काळ्या फराट्याखाली 'झालेच पाहिजे' आहे, आणि तो फराटा मी जन्मभर अंगावर वागवणार. निदान आता मला कुणी स्वच्छ म्हणत नाही, एवढंच.

बायांनो, दादांनो, तुमच्याही कपाटात जुन्या गावाचे फोटो असतील. किल्ले, दरवाजे, हौद, देवळं. कौतुकानं बघा; पण एखादी भिंत फारच स्वच्छ दिसली, तर तिथं कोण होतं ते विचारा. आणि ती तुमच्याच घरातल्या कुणी पुसली असेल, तर दमयंतीबाईंनी केलं तसं करा. कापूस ओला करा. सगळं निघणार नाही. जेवढं निघेल तेवढं, ज्याचं आहे त्याच्या घरी नेऊन द्या.

फक्त ते वाण म्हणून देऊ नका.