गार खोली

डिझायनरबाईंनी चपला काढून तळवे फरशीवर टेकवले, डोळे मिटले आणि त्या "वा!" म्हणाल्या.

डॉक्टर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. आपल्या घराचं कौतुक ऐकताना माणूस हसतो तसे ते हसले. दातांचे डॉक्टर. दुसऱ्यांच्या तोंडात काहीबाही घालून त्यांना गप्प बसवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे स्वतः काय बोलावं याची कधी कधी पंचाईत व्हायची.

"उन्हाळ्यातसुद्धा अशीच असते?"

"अशीच. घरात आम्ही हिला गार खोलीच म्हणतो."

"नशीबवान आहात, सर. लोक यंत्रं लावून दमतात, तरी असा गारवा येत नाही."

घरात वाइनची खोली करायचं खूळ डॉक्टरांच्या डोक्यात शिरलं ते हाडांच्या डॉक्टरांकडे जेवायला गेल्यापासून. जेवण झाल्यावर त्या गृहस्थांनी सगळ्यांना घराखालच्या तळघरात नेलं होतं. उघड्या विटांची कमान, जुन्या पिंपांच्या फळ्यांचे खण, त्यांत निजलेल्या वाइनच्या बाटल्या आणि पिवळा मंद दिवा. डॉक्टरांना त्यानंतर चैन पडेना. वाइनमधलं त्यांना फार कळत होतं अशातला भाग नाही. डोळे बांधून पाजली तर लाल की पांढरी हेही ओळखायचे नाहीत, असं बायको म्हणायची. पण हौसेला मोल नसतं. शिवाय घराला अर्धी जमिनीत गेलेली एक खोली होतीच, आणि आता ती रिकामीही झाली होती.

"पूर्वी इथं काय होतं?" बाईंनी पिशवीतून मोजपट्टी काढत विचारलं.

"काही नाही. अडगळ."

शब्द गेला आणि डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पंधरवड्यापूर्वीपर्यंत या खोलीत त्यांची थोरली बहीण राहत होती.

आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यांना ताईनंच वाढवलं. कपडे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ती दिवसभर पायमशीन मारायची, संध्याकाळी काजं-बटणांचं काम घरी आणायची. पोटाला चिमटा काढून तिनं धाकट्याला डॉक्टर केलं. तिच्या लग्नाचं बघायला कुणी नव्हतं आणि तिला सवडही नव्हती. पुढे डोळे आणि गुडघे बरोबरच थकले, तेव्हा डॉक्टर तिला मोठ्या मानानं आपल्या घरी घेऊन आले. वरच्या खोल्या भरलेल्या होत्या. एकीत मुलगा, एकीत पुस्तकं, एक पाहुण्यांसाठी राखलेली. "थोडे दिवस खाली राहा, मग बघू," असं ठरलं. मग मुलगा शिकायला परगावी गेला, पुस्तकं कुणी उघडेना, पाहुणे तर कधी मुक्कामाला आलेच नाहीत, तरी ताई खालीच राहिली. तिनं कधी तक्रार केली नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, आणि इथं तर धाकटा भाऊ होता.

वाइनचं निघालं तेव्हा मुलाची खोली झाडूनपुसून ताईला वर आणलं. दोरीनं बांधलेली तिची ट्रंक डॉक्टरांनी स्वतः उचलून नेली. तिनं कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती कुंपणावरून शेजारच्या आजींना मोठ्यांदा सांगत होती, "आमच्या छोट्यानं माझ्या गुडघ्यांचं दुखणं ओळखलं हो! आता जिना नाही नि काही नाही!" छोट्या म्हणजे टक्कल पडलेले, दाराच्या चौकटीला डोकं लागणारे हे डॉक्टर. मग दूधवाल्याला कळलं, इस्त्रीवाल्याला कळलं. दवाखान्यातही एका बाईनं, तोंडात कापूस असताना, त्यांच्या बहिणीवरच्या मायेचं कौतुक केलं. डॉक्टरांनी खुलासा केला नाही. फुकट मिळालेला मोठेपणा परत करायला कोण जातं?

बाईंनी आता वर छताकडे बघितलं. "वर कुणी चाललं तर इथं ऐकू येतं?"

"नाही."

"आणि इथला आवाज वर?"

डॉक्टर घुटमळले. मागच्या वर्षी तापात ताई रात्रभर हाका मारत होती, आणि सकाळी चहा घेऊन गेल्यावर ते घरात कळलं होतं. "बरंच झालं, घसा बसला. तेवढीच माझी बडबड कमी," असं म्हणून तिनंच सगळ्यांना हसवलं होतं.

"नाही जात," डॉक्टर म्हणाले.

"उत्तम! उजेड नाही, हादरे नाहीत, गोंगाट नाही. वाइनला लाड नको असतात, सर. अंधार, गारवा, थोडी ओल, बस्स. आडवी करून ठेवायची आणि विसरून जायचं."

डॉक्टरांनी मान डोलावली. खोलीत खुर्ची असती तर ते बसले असते.

बाई एका भिंतीपाशी थबकल्या. बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर तिथं एक काळपट, तेलकट गोल उमटला होता. त्यांनी त्यावरून अलगद बोट फिरवलं.

"ही भिंत रंगवायची नाही हं. असा डाग मुद्दाम पाडू म्हटलं तर पडत नाही. रस्टिक म्हणजे तरी दुसरं काय? वापरून जुनं झालेलं, झिजलेलं. इथं वरून एक छोटा दिवा सोडू. आत आलेल्याची नजर पहिल्यांदा इथंच जाईल."

डॉक्टरांना खाट दिसली. खाटेवर मांडीत शिवण घेऊन बसलेली ताई दिसली आणि भिंतीला टेकलेलं, तेल लावून चापून बसवलेलं तिचं डोकं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माझी बहीण इथं राहायची, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. जीभ रेटेना.

"तो डाग नको," ते म्हणाले.

"अहो, का?"

"नको. घासून टाका."

तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. मग थोडं थांबून दुसरं. ताई चहाचा ट्रे घेऊन आडवी आडवी एकेक पायरी उतरत होती. डॉक्टर धावत वर गेले आणि त्यांनी ट्रे हातात घेतला.

"ताई, तू कशाला उतरलीस?"

"बाई आल्यात म्हटलं, चहा नको का द्यायला?" ती खाली पोहोचली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली.

"माझी थोरली बहीण," डॉक्टर म्हणाले. तेवढं कसंबसं निघालं.

बाईंनी हसून कप घेतला आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीवर वर्तमानपत्रं डकवलेली होती. "एवढी एकच शंका आहे. ओल हवी, पण भिंतीतून पाणी झिरपत असेल तर ही खोली बाद. लेबलं कुजतात, बुरशी धरते. सर, पावसात इथं पाणी येतं का?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे माहीतच नाही. पावसात ते कधी खाली आलेच नव्हते.

"छे हो! थेंबसुद्धा नाही," ताई म्हणाली. "कागद मीच लावलेत. इथं एक ट्रंक होती, तिचा गंज भिंतीला लागू नये म्हणून."

"तुमचं इथं येणं-जाणं असायचं तर!"

"अडगळ ठेवायला-काढायला यायची की." तिनं डॉक्टरांकडे बघितलं नाही. "अशी खोली तुम्हाला शोधून सापडायची नाही, बाई. काढा काम. छान, पक्कं करा."

बाई खूश झाल्या आणि मापं घ्यायला वळल्या. डॉक्टर कोपऱ्यात गेले. कागदाची कड त्यांनी नखानं ओढली, तर ती चहात बुडवलेल्या पावासारखी हातात आली. मागची बाजू काळी पडली होती. त्यांनी तो लगदा मुठीत दाबून धरला. लहानपणी त्यांनी शेजाऱ्यांची काच फोडली तेव्हाही ताई अशीच पुढं झाली होती आणि माझ्याच हातून फुटली म्हणाली होती. अजूनही ती त्यांच्यावर पांघरूण घालत होती.

बाई गेल्या. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय हो, जमतंय का?" तिला उत्तर न देता डॉक्टर तडक ताईच्या खोलीत गेले.

खिडकीतून ऊन आत आलं होतं. ताईनं खुर्ची बरोबर त्या उन्हात ओढून घेतली होती आणि त्यांच्याच पांढऱ्या कोटाचं बटण लावत बसली होती.

"ताई, ते खालचं मी रद्द करतोय. नको ती वाइन नि बिइन."

वेडा आहेस का रे, असं ती म्हणेल, मग पाठीवरून हात फिरवील आणि आपल्याला मोकळं वाटेल, असा त्यांचा हिशेब होता. ताईची सुई थांबली.

"का? भिंत कोरडी आहे म्हणून सांगितलं ना मी."

"कोरडी नाहीये." त्यांनी मूठ उघडून दाखवली. "इतकी वर्षं तू त्या ओलीत काढलीस आणि मी वाइनसाठी... ताई, मला लाज वाटते."

लगद्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "म्हणजे खाली काहीच करायचं नाही? खोली रिकामीच राहणार?"

"राहू दे की रिकामी."

"मग सुट्टीत पोरगा आला म्हणजे? त्याला त्याची खोली लागेल. आणि खालची रिकामी असली की..." तिनं बोलणं अर्धंच सोडलं आणि बटणाभोवती दोरा गुंडाळू लागली.

डॉक्टर म्हणाले, "ताई, ही खोली तुझीच आहे आता."

"हो रे. खालीसुद्धा मी थोडेच दिवस गेले होते." टोमणा मारल्यासारखं नाही, भाजी निवडताना बोलावं तसं ती बोलली.

खाटेखाली तिची ट्रंक दिसत होती. खालून आणली तशीच, दोरी न सोडलेली. वाकायला जमत नसेल, असं डॉक्टर पंधरा दिवस समजत होते.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "गुडघ्यांसाठी नव्हतं, हे?"

"न कळायला काय झालं? बाटल्यांचं खोकं घरात आलं तेव्हाच कळलं." तिनं दातानं दोरा तोडला. "म्हणून तर गावभर सांगत सुटले. चारचौघांत झालं की तुला मागं फिरता यायचं नाही."

बाहेर शेजारच्या आजी कुणाशी तरी बोलत होत्या. डॉक्टरांची मान वर होईना. क्षमा मागायला ते आले होते. इथं तर त्यांच्या पश्चात्तापाचीच तिनं धास्ती घेतली होती.

"करून घे ते, छोट्या," ताई म्हणाली. आता तिच्या आवाजात अजिजी होती, आणि ती अजिजी त्यांनी याआधी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या कॉलेजच्या फीसाठी दुकानदाराकडे उचल मागतानाच तेवढी ती असेल. "भिंतीला काय ते औषध लावून घे. फळ्या-बिळ्या चांगल्या ठोकून घे, हलायच्या नाहीत अशा."

"घेतो."

"सुतार कधीपासून येणार?"

असं काहीच ठरलं नव्हतं. "सोमवारपासून," डॉक्टर म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

ताईनं कोट घडी करून त्यांच्या हातात दिला. "मग ती ट्रंक जरा पुढं ओढ."

त्यांनी ट्रंक ओढली आणि जमिनीवर बसून ते गाठ सोडू लागले. दोरी ओलीत राहून आवळली होती. नखं दुखली, पण गाठ हलेना.

"सरक बाजूला, तुला नाही जमायचं," ताई म्हणाली, आणि तिनं कात्रीनं दोरी कापली.