पाटा वाजला का?

मामांचे कान गेले हे आधी मामांनाच कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. यात एवढं काय, वय झालं की माणसाला कमी ऐकू येतंच, असं तुम्ही म्हणाल. अहो, पण मामांचं पोटच कानांवर चालत होतं.

मामा गाड्यांचे पाटे बसवायचे. गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या वर, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या असतात ना, ते पाटे. गाडीचं सगळं ओझं ते सोसतात. मामांकडे यायच्या त्या डोंगरात आणि दगडधोंड्यांत घालायच्या उंच गाड्या, आणि प्रत्येक मालकाची मागणी ठरलेली: "मामा, कडक पाटे टाका." झालं, मामा भडकलेच. "कडक कशाला? गाडी चालवायचीय की दात पाडून घ्यायचेत? दगडावर एक चाक चढलं तर दुसऱ्यानं जमीन सोडता कामा नये. त्याला पाटा वाकावा लागतो. जाड चार टाकण्यापेक्षा पातळ आठ टाक. दणकट वेगळं आणि ताठ वेगळं. तू ताठ आहेस, दणकट तुझी बायको आहे!" गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्यानं आठ पाटे घ्यायचं.

पण एवढं ज्ञान त्यांच्या लेकीकडेही होतं. किंबहुना हिशेबात ती बापाच्या दोन पावलं पुढेच होती. पुढे अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच आहे का, टायर केवढे, मागचं सामान कायमचं की कधीमधी, असं सगळं खोदून विचारून ती कागदावर मांडायची आणि गाडी किती बोटं उचलायची ते सांगायची. लांबलांबून लोक यायचे ते मामांच्या कानांसाठी. पाटा दोरीला टांगायचा आणि हातोडीनं ठोकायचा. निकोप पाटा लांब, गोल आवाज देतो. आत कुठे केसाएवढी चीर असेल तर बद्द वाजतो. डोळ्यांना न दिसणारी चीर मामांना ऐकू यायची. त्यांनी "वाजला" म्हटलं की लेक त्या पाट्यावर खडूनं "वा" लिहायची, आणि मगच तो गाडीखाली जायचा. गॅरेज सुरू झाल्यापासून हा नियम कधी मोडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मामांना चहाच्या किटलीची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. त्यांना वाटलं किटली बिघडली. मग मोबाइल वाजेना, तेव्हा मोबाइल बिघडला. एक दिवस टांगलेला पाटा ठोकला तर तो वाजेना. मामांनी परत ठोकला. जोरात ठोकला. समोर लेक खडू घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नवल नव्हतं. तेव्हा मामांना कळलं, पाटा वाजतोय, ऐकू येत नाही ते आपल्यालाच. ते म्हणाले, "वाजला." लेकीनं "वा" लिहिला.

सांगायला नको होतं का? हवं होतं. पण कुठल्या तोंडानं? पाटा न ऐकू येणारे मामा म्हणजे गॅरेजच्या दारात बसलेला एक म्हातारा, येता-जाता कुणीतरी चहा पाजायचा. त्यांना त्याची भीती वाटली. मरणाची वाटली नसेल इतकी वाटली. मग त्यांनी तळहातानं ऐकायला सुरुवात केली. ठोकल्यावर दुसऱ्या हाताची बोटं पाट्याला टेकवायची. चांगला पाटा बोटांत बराच वेळ थरथरतो, चिरलेला पटकन विझतो. लोकांचं बोलणं ते ओठांवरून उचलू लागले. चुकलंच तर "हं, हं" म्हणून वेळ मारून न्यायची. सगळे म्हणू लागले, मामा अलीकडे फार शांत झालेत. शांत कसले, बिचारे सतत दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून दमून जायचे.

दीड वर्ष हे निभावलं. मग जावयाची गाडी आली.

जावई, म्हणजे याच लेकीचा नवरा, डोंगरमाथ्यावरच्या मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीला जायचा. वर जायला रस्ता असा नव्हताच, नुसती घसरण. कंपनीनं त्याला एक जुनी गाडी दिली होती आणि तिचे मागचे पाटे पार बसले होते. लेकीनं कागद मांडला आणि म्हणाली, नवीन तयार संच मागवू. जावई म्हणाला, "ते नवीन नको गं, बैलगाडीत बसल्यासारखं होतं. मामा, तुमच्याकडचं काहीतरी मऊसं टाका ना." जावयानं सासऱ्याकडे काही मागायची ती पहिलीच वेळ. मामांची छाती फुगली. मागच्या ढिगातून त्यांनी एका जुन्या ट्रकचा लांब, पातळ मुख्य पाटा काढला. मुख्य पाटा म्हणजे सगळ्यांत वरचा, ज्याची दोन्ही टोकं गाडीला अडकवलेली असतात आणि ज्याच्यामुळे चाकं जागेवर राहतात. "असं पोलाद आता बघायला मिळत नाही, जावईबापू," मामा म्हणाले.

त्या दिवशी हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यात पाट्याचा आवाज दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. लेक गाडीखाली झोपून बोल्ट सोडवत होती. मामांनी पाटा टांगला आणि ठोकला. पाट्याला जुनं ग्रीस होतं, बोटं सरकत होती. थरथर आली, पण लवकर गेली की काय असं वाटलं. त्यांनी बोटं पँटला पुसली, पुन्हा ठोकलं, पुन्हा तसंच वाटलं. की नाही वाटलं? गाडीखालून लेकीचा खडू धरलेला हात बाहेर आला. ती काय विचारत असणार हे ऐकू यायची गरजच नव्हती, वीस वर्षं ती तेच विचारत होती: पाटा वाजला का? ग्रीस धुऊन परत बघू, एवढं म्हणायचं होतं. पण समोर जावई उभा होता, कौतुकानं बघत. मामा म्हणाले, "वाजला. घंटा आहे घंटा." आणि पाटा त्यांनी स्वतः लेकीच्या हाताशी सरकवला.

काम झकास झालं. पाट्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशचे बोल्ट लेकीनं गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर उभी करून, मागे सामानाएवढं वजन ठेवून मगच शेवटचे आवळले, शिकवलं होतं तसं. पाटे एक्सलला बांधून ठेवणारे यू बोल्ट मात्र दोनतीनशे किलोमीटर गाडी चालल्यावर परत आवळावे लागतात. पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. त्यासाठी जावई पुढच्या मंगळवारी संध्याकाळी आला. लेकीच्या हातात दुसऱ्या गाडीचं काम होतं. ती म्हणाली, "उद्या ये ना, आज हात भरलेत माझे." तो म्हणाला, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवर बंद पडल्याचा निरोप आला म्हणून तो तसाच डोंगरावर गेला.

उतरताना मागचा तो मुख्य पाटा मधोमध तुटला. एक्सल एका बाजूनं मागे सरकला, गाडी तिरकी झाली आणि कडेवरून खाली गेली. माणूस जिवंत सापडला. डॉक्टरांनी मात्र आडपडदा न ठेवता सांगितलं की कमरेच्या खाली आता जाणीव, हालचाल काही नाही. चौतिसाव्या वर्षी काही नाही!

पाटा मधोमध तुटला हे गाडी ओढून आणणाऱ्या क्रेनवाल्यानं लेकीला फोनवर सांगितलं. मधोमध, म्हणजे जिथे मधल्या बोल्टचं भोक असतं आणि जिथे यू बोल्ट आवळलेले असतात तिथे. यू बोल्ट ढिले राहिले की पाटा तिथेच तुटतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. फोन ठेवून ती एकच वाक्य म्हणत राहिली. मामांनी ते ओठांवरून वाचलं. "मी उद्या ये म्हणाले. बाबा, मी त्याला उद्या ये म्हणाले."

गाडी गॅरेजच्या आवारात आणून टाकली. लेक तिच्याजवळ फिरकलीसुद्धा नाही. मामा गेले. ते खाली वाकले, तुटलेल्या पाट्याचं तोंड त्यांनी फडक्यानं पुसलं आणि निरखून पाहिलं. आत्ता तुटलेलं पोलाद पांढरं, चकचकीत, दाणेदार दिसतं. जुनी चीर आतून काळपट तांबडी पडलेली असते, कारण तिच्यात कित्येक महिने पाणी गेलेलं असतं. मामांच्या समोरच्या तुकड्याचं निम्मं तोंड चकचकीत होतं आणि निम्मं तांबडं. पाटा ठोकला त्या दिवशी ती चीर तिथे होती. पूर्वीच्या मामांनी ती दारातून ऐकली असती.

त्यांनी तो तुकडा सोडवला, पोत्यात गुंडाळला आणि कपाटामागे दडवला. वाईट म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. त्या दिवशी त्यांच्याच्यानं दुसरं काही झालं नाही.

आठवडाभरानं लेकीनं त्यांना विचारलं. हातातलं ताट बाजूला सारून, सरळ डोळ्यांत बघून. "बाबा, पाटा वाजला होता ना?" तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, हे मामांना दिसत होतं. नाही म्हणा, असं तिचे डोळे अक्षरशः भीक मागत होते. मामांचं तोंड उघडलं आणि त्यातून तोच शब्द बाहेर पडला जो दीड वर्ष पडत आला होता. "वाजला होता."

"मग माझंच," लेक म्हणाली. तिनं ताट उचललं आणि विसळायला घेतलं.

त्यानंतर ती वाळत गेली. जेवण नाही, झोप नाही. गॅरेजमधले पाने तिनं खोक्यात भरून टाकले. कुठलं गिऱ्हाईक आलं तर म्हणायची, आम्ही हे काम करत नाही. मामा तिच्या मागेमागे फिरायचे, पोरी दोन घास खा म्हणायचे, आणि मग स्वतःचीच किळस येऊन बाहेर जाऊन बसायचे. एका सकाळी ती म्हणाली, "आज त्याला सांगणार आहे. त्याला अजून वाटतंय नशीब वाईट होतं. मी बोल्ट आवळले नाहीत, हे त्याला कळायला हवं. मग त्यानं मला ठेवावं नाहीतर हाकलावं." आणि ती हॉस्पिटलला गेली.

मामांनी कपाटामागून पोतं काढलं आणि तिच्यामागोमाग निघाले. हॉस्पिटलच्या दारात रखवालदारानं अडवलं, पोतं उघडायला लावलं. लोखंडाचा तुकडा बघून तो काहीतरी बोलला. बहुतेक, आजोबा, पेशंटला खायला काय आणलंय हे, असं काहीतरी. शेजारचे दोघेतिघे हसले. मामाही हसले, सवयीनं. त्यात पंधरा मिनिटं गेली.

लेक वॉर्डच्या बाहेर बाकावर बसली होती, भेटायची वेळ सुरू व्हायची वाट बघत. मामांनी तो तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. समजवायची गरज पडली नाही, तिनं आयुष्य पाट्यांत काढलं होतं. तिचा अंगठा चकचकीत भागावरून तांबड्या भागावर गेला आणि तिथे थांबला.

"मला ऐकू येत नाही," मामा म्हणाले. आपला आवाज किती मोठा निघतोय याचा त्यांना अंदाज नव्हता, दोन नर्सनी वळून पाहिलं म्हणून कळलं. "दोन वर्षं झाली. पाटा वाजला की नाही मला माहीत नाही. मी नुसतं म्हणालो. तुझा काही दोष नाही पोरी. तू आवळले असतेस तरी तुटलाच असता."

तिचे ओठ हलले. "दोन वर्षं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

मामांनी मान खाली घातली. तिनं किती वेळ आपल्याकडे पाहिलं ते त्यांना कळलं नाही. मान वर केली तेव्हा ती उठून खिडकीशी गेली होती, पाठमोरी, तो तुकडा दोन्ही हातांत घट्ट धरून. तिचे खांदे हलत होते. आधी मामांना वाटलं, रडतेय. मग काचेवर तिच्या श्वासाचं धुकं दिसलं, जमत होतं आणि विरत होतं, परत जमत होतं. ती बोलत होती. बरंच काही बोलत होती. बाकावरची एक बाई तिच्याकडे बघत होती, आणि मग त्या बाईनं मामांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

उठून चार पावलं गेलं असतं तर लेकीचं तोंड दिसलं असतं. मामा उठले नाहीत. बापाला ऐकू येत नाही, हे तिला आता ठाऊक होतं, आणि तरी ती पाठ करूनच बोलत होती.

बोलून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, वॉर्डचं दार ढकललं आणि नवऱ्याकडे आत गेली. मामा बाकावर बसून राहिले. आतून एकदा तरी कुणी आपल्याला हाक मारेल म्हणून ते दाराकडे बघत होते, आणि हाक मारली तरी ती आपल्याला कळणार नाही, हे त्यांना बऱ्याच वेळानं सुचलं.